उजवं वळण

कस्तुराबाईंनी पेजेचा चमचा हौसरावबुवांच्या ओठांना लावला, गळलेलं पदरानं टिपलं, आणि त्यांचा चुळबुळणारा डावा हात पुन्हा वाकळेखाली सारला. दारात आलेल्या शेजारच्या साळूबाईला त्यांनी नेहमीचंच सांगितलं,

"ऐकू न्हाई, समजत न्हाई. देवानं आता सोडवावं ह्यांना."

साळूबाई हळहळून गेली. अर्धांगानं बुवांची वाचा जाऊन चार महिने झाले होते. ज्या गळ्यानं अख्खं राहू गाव देवळाच्या पायरीशी खिळवून ठेवलं, त्यातून आता हुंकारही निघत नव्हता.

तेवढ्यात महबूब आला. बुवांच्या कीर्तनातला हा मृदंगी गेली सहा वर्षं पुण्याच्या विमानतळावर वायरलेसवर नोकरीला होता. खाटेजवळ बसून तो पहिल्यासारखाच बोलू लागला.

"बुवा, परवाची गंमत ऐका. एका विमानाचा वायरलेस मुका झाला. आमी हाका मारतोय, उत्तर न्हाई. रडारच्या पडद्यावर बघतो, तर ठिपका तिकोनी फिरतोय! ही वैमानिकांची ठरलेली खूण. डावीकडं वळत फिरला, तर बोलताबी येत न्हाई आन् ऐकूबी येत न्हाई. ह्यो वळत हुता उजवीकडं. म्हंजी वाचा गेली, पर आमचं समदं ऐकतोय."

"मग वो?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"मग काय वहिनी, बोलत राह्यलो. दुसरं विमान शेजारी धाडलं, त्याच्या संगं अलगद उतरला. घसा बसला की बुवा हात वर करायचे आन् आमी ध्रुपद उचलायचो, तसंच."

"मृदंग सुटला भावजी, पर थापा न्हाई सुटल्या तुमच्या!"

त्या हसल्या आणि हसता हसता थांबल्या. बुवांचा डावा हात वाकळेबाहेर आला होता. बोट सरळ गेलं, उजवीकडं वळलं, पुन्हा उजवीकडं वळलं, निघालं तिथंच येऊन टेकलं. मग परत तेच.

महबूबनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

कस्तुराबाईंनी दाराकडं पाहिलं. तिथं आता कुणी नव्हतं. मघाचं बोलणं मात्र अजून उंबऱ्यात उभं होतं. किती वेळ तरी त्यांनी पदराचं टोक दातांत धरून ठेवलं. मग पेजेचं भांडं पुढं ओढलं, चमच्यावर हळूच फुंकर घातली.

"अवो," चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी बुवांना विचारलं, "मीठ कमी हाय का?"

बोट क्षणभर थबकलं. मग सावकाश उचललं गेलं, आणि चुलीमागच्या मिठाच्या बरणीकडं वळलं.