थोरलीकडून धाकटीकडे

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात थोरल्या बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. का नसावी? रोग्यांची सगळी माहिती दोन भल्यामोठ्या स्टोरेजमध्ये राहते आणि एकातलं दुसऱ्यात जसंच्या तसं उतरत राहील हे बघायची जबाबदारी बाईंची. एक स्टोरेज त्यांच्या इमारतीत, दुसरं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे कामाला होती त्यांची सख्खी धाकटी जाऊ. मग काय, यंत्रांनाही लोकांनी तीच नावं पाडली, थोरली आणि धाकटी. थोरलीत लिहायचं, धाकटीत उतरायचं. घरी तरी वेगळं काय चालायचं म्हणा!

कालचंच बघा ना. धाकट्या बाईंच्या मुलीला बाहेरगावी शिकायला पाठवायचं का, हा विषय जेवताना निघाला. "काही नको, इथे काय वाईट आहे? हो की नाही गं?" थोरल्या बाईंनी विचारलं. "हो," धाकट्या बाई ताटाकडे बघत म्हणाल्या, आणि विषय मिटला.

आज सकाळी थोरलीच्या खोलीतला एसी बिघडला आणि यंत्र तापून बंद पडलं. विभागाचे साहेब धापा टाकत आले, तोवर बाईंनी सगळं काम धाकटीवर नेलंसुद्धा होतं. "तुम्ही चहा घ्या," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना पत्ताही लागलेला नाही."

दुपारी एसी सुरू झाला, थोरली जागी झाली. पण तिच्यात होतं ते सकाळपर्यंतचं. त्यानंतर कुणाला कोणतं औषध दिलं, किती दिलं, कुणाचे कसले रिपोर्ट आले, ते सगळं फक्त धाकटीत. आता दोघींचा मेळ घालायचा होता. त्यात दिशा चुकली की शिळं ताज्यावर बसणार आणि रोग्यांचा अर्धा दिवस कायमचा पुसला जाणार. आदल्या रात्रीच्या बॅकअपमध्ये तो असणार तरी कुठून!

म्हणून तर बाईंनीच नियम घातला होता. बटण दाबण्याआधी फोनवर दिशा मोठ्याने वाचायची, पलीकडच्याने 'हो' म्हणायचं, मगच दाबायचं. वर्षानुवर्षं बाई वाचत आल्या आणि जाऊ 'हो' म्हणत आली.

"ऐक गं. थोरलीकडून धाकटीकडे." बोट बटणावर तयारच होतं.

फोनवर काहीच नाही.

"अगं, हो म्हण ना! दातखीळ बसली का?"

"नाही."

"काय नाही?"

"नाही म्हणजे नाही, जाऊबाई. दाबू नका. ताजं माझ्याकडे आहे. आज तुम्ही माझं घ्यायचंय."

बाईंचं डोकंच सणकलं. कालची पोर, मला शिकवते! चांगलं सुनवायला म्हणून तोंड उघडलं आणि नजर पडद्यावर गेली. हाताने सवयीप्रमाणे रोजचीच दिशा निवडली होती. अगं बाई! चटका बसावा तसं त्यांनी बोट मागे घेतलं आणि दिशा उलटी केली.

"धाकटीकडून थोरलीकडे," त्यांनी वाचलं.

"हो!" कसा खणखणीत आला.

बटण दाबलं. माहिती उलट्या वाटेने उतरू लागली.

साहेब दारातून डोकावले. "सगळं ठीक ना?"

"ठीक काय, चोख! पण शाबासकी द्यायची तर पलीकडच्या बाईंना द्या. मी आज बुडवलंच होतं."

साहेब गेले. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना आज पहिल्यांदाच भीती वाटली, आणि ती यंत्राची नव्हती. आजवर घेतलेले ते सगळे 'हो' कसले होते? आपण वाचायचं आणि तिने मान डोलवायची, याला का विचारणं म्हणतात?

"फोन ठेवू नकोस गं," त्या म्हणाल्या. "काल जेवताना विचारलं ते परत विचारते. पोरीने इथेच शिकायचं?"

धाकट्या बाईंनी क्षणभरही वेळ लावला नाही.

"नाही."

"बरं," थोरल्या बाई म्हणाल्या. "मग कुठे पाठवायचं ते तू सांग, मी ऐकते."