अर्काची मुलगी

सुधीरच्या पहिल्या दोन बायका वारल्या होत्या. पहिली बाळंतपणात गेली, दुसरी काविळीनं. तिसरी मी होणार होते, आणि तिसरी टिकत नाही असं त्याच्या आईचं, माईंचं, ठाम मत होतं. म्हणून त्याचं तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, मरण त्या झाडावर जाऊ द्यायचं आणि मला चौथी म्हणून घरात घ्यायचं, असा बेत ठरला. साल चौऱ्याहत्तर. माणूस चंद्रावर जाऊन आला होता आणि भिवंडीत मला सवत म्हणून झाड शोधत होते.

मी एकतीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी. माईंना म्हटलं, "तीन आणि एक चार, हे मला येतं. पण झाड बायकांत मोजायचं, हे कुठल्या गणितात बसतं?"

माई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन सुनांना शेवटची आंघोळ मी घातलीय. मला गणित नको शिकवूस."

उत्तर नसलं की मला राग येतो. घरी येऊन मी भांडी आपटत बसले.

माझे वडील, भाऊ, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांना एक शब्द मिळाला की बाकी जग नको. "अगं विद्युल्लता, याला अर्कविवाह म्हणतात. अर्क म्हणजे सूर्य. अर्क म्हणजे किरण, तांबं, स्तोत्र. आणि अर्क म्हणजेच रुई. एवढ्याशा शब्दात अख्खं आकाशही आलं आणि उकिरड्यावरचं झाडही."

"आणि मराठीत अर्क कुणाला म्हणतात, ते विसरलात."

"कसं विसरेन? घरात वाढवलाय की एक," भाऊ म्हणाले.

सुधीर मात्र अजिबात अर्क नव्हता. कचेरीत कारकून, बोलणं मोजकं. मला पाहायला आला तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसला होता. निघताना म्हणाला, "तुम्हाला साधा खोकला झाला तरी मला कळवत जा." अशी मागणी कुणी कुणाला घातल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला हसू आलं, आणि तिथंच हा माणूस मला आवडला. आता आवडला म्हटल्यावर त्याच्या आईचं झाडही आलंच.

माईंच्या शेजारी इस्माईल राहायचा, लूमवर कामाला. माईंनी त्याला सांगून ठेवलं, "सुधीर की शादी है. कहीं रुई मिली तो बताना." संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तो डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन दारात हजर. "लो माई. शादी में रुई तो लगेगी ही. गद्दा भरवाना है ना?"

भिवंडीत रुई म्हटल्यावर दुसरं काय येणार! माईंनी कपाळाला हात लावला. नेमके भाऊ तिथं गेलेले. त्यांनी जाड पानं, जांभळट फुलं, तोडल्यावर येणारा पांढरा चीक, असं सगळं हातवारे करून समजावलं.

"अच्छा, आक!" इस्माईल म्हणाला. "वो तो राहनाल के रास्ते पे बहुत है."

"अर्काचाच आक झाला बघा," भाऊ माईंना म्हणाले आणि घरी पोचेपर्यंत तोच शब्द चघळत राहिले. कापूस माईंनी ठेवून घेतला.

रविवारी सकाळी सगळे राहनाळच्या वाटेला गेले. नवरीनं यायचं नसतं, असं गुरुजींनी बजावलं होतं. मी गेले. माझ्या जागी कोण मरणार आहे, ते मला बघायचं होतं.

शेताच्या बांधावर खांद्याएवढी रुई उभी होती. माईंनी तिला हळद लावली, पिवळं वस्त्र गुंडाळलं. मग गुरुजींनी विचारलं, "मुलीकडून कोण?" हे कुणीच ठरवलं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा भाऊ पुढं झाले. "मी उभा राहतो."

गुरुजींनी मुलीचं कूळ सांगितलं. आदित्याची पणती, सवित्याची नात, अर्काची मुलगी. पणजोबा, आजोबा, बाप, तिन्ही नावं एकाच सूर्याची. एरवी मी टोमणा मारल्याशिवाय राहिले नसते. पण कन्यादानाचं पाणी सोडताना भाऊंचा आवाज फुटला. पुढच्या आठवड्यात हेच पाणी ते माझ्यासाठी सोडणार होते. मला नांदायला देणार होते आणि हिला मरायला.

माईंच्या माहेरची रीत अशी, की लग्न लागल्यावर नवऱ्यानं झाड तोडायचं. म्हणजे तिसरी गेली. माईंनी सुधीरच्या हातात कोयता दिला. त्यानं हळद लागलेल्या पानांकडे पाहिलं.

"दोघींना अग्नी मीच दिला," तो म्हणाला. "हिला मारायचंही मीच?"

"नाही तोडलीस तर तिचं काय होईल?" माईंनी माझ्याकडे बोट केलं. त्याही रडत होत्या.

"मग लग्नच नको!" सुधीरनं कोयता टाकला. "ती तिच्या बापाच्या घरी राहू दे. जिवंत तर राहील."

तो खरोखरच निघाला होता. मी पदर खोचला आणि कोयता उचलला. या सगळ्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, तरी पहिला घाव घालताना मी मनात म्हटलं, माफ कर बाई. रुईचं लाकूड मऊ. दुसऱ्या घावाला ती आडवी झाली आणि चीक माझ्या मनगटापर्यंत उडाला. घामानं डोळे झोंबत होते, म्हणून मी हात वर नेला.

"डोळ्याला लावू नकोस!" सुधीर एवढ्यानं ओरडला की भाऊ दचकले. धावत येऊन त्यानं माझी दोन्ही मनगटं धरली, पूजेच्या कलशातलं पाणी ओतलं आणि हात चोळचोळून धुतले. चीक गेला तरी धूतच राहिला. मग माई, भाऊ, गुरुजी सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "तू मरणार नाहीस ना?"

गृहपाठ केला म्हणून खोटं सांगणाऱ्या पोरींना मी वर्गाबाहेर उभं करते.

"नाही मरणार," मी म्हटलं.

त्यानं माझे हात सोडले आणि पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. माझा मात्र अडकला. त्यानं ते खरं मानलं होतं.