ठसका

गायत्रीने असा टाहो फोडला की दारातलं कुत्रं शेपूट घालून पळालं. तीन वर्षांची पोर आणि गळा बघा! अख्ख्या गल्लीला ऐकू गेला, फक्त तिचा तिला सोडून.

"काढ वं ते!" कौसाबाई आजी चुलीपासून ओरडली. "ती मशीन चावी ऱ्हायनी पोरले!"

रमिलाने पोरीला चावणारी ती ऐकायची मशीन कानातून काढली. चिंचोक्याएवढी वस्तू, कानामागे अडकवायची, आणि नळीच्या टोकाला कानात बसणारा मऊ साचा. काढली तरी पोर थांबेना. कान लालबुंद. आईच्या मांडीवरून उतरली आणि तडक आजीकडे. नेहमीचंच. रमिलाने मशीन डबीत घातली, डबी तांदळाच्या पिंपात खुपसली आणि सासूकडे एक नजर टाकली. पोर आपल्याजवळ टिकत नाही म्हणजे या म्हातारीनेच तिला काहीतरी लावून दिलंय, हा तिचा जुना संशय.

तसा रमिलाला संशय सगळ्यांचाच. मुकादम हिलालचा, दूधवाल्याचा, नवऱ्याच्या मोबाईलचा. सध्या पहिला नंबर होता मंगळवारच्या ताईचा.

कमी ऐकू येणाऱ्या पोरांना बोलायला शिकवणारी मयूरीताई दर मंगळवारी स्कूटीवरून यायची. पिशवीत काय, तर वाट्या, चेंडू, खुळखुळा. ना सुई, ना गोळी, ना औषध. पोरीसमोर फतकल मारून बसायची, "बॉल" म्हणायची आणि मग तोंडाकडे बघत नुसती गप्प. जाताना वहीत काहीबाही लिहायची. आणि ती महागडी मशीन म्हणे फुकट!

"फुकट कोन देस वं आजकाल?" रमिलाने पथारीवर बायांना विचारलं. नंदुरबारबाहेर मिरचीची पथारी असते, मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली. तिथे फडक्याने नाक-तोंड बांधून देठ खुडायला बसायचं. रमिला अकरा वर्षं बसत होती.

"धुयाले लई जातस अशा पोरेसले," शेजारची म्हणाली. "होस्टेलमा. मंग पोर मायले वयखत बी नही."

धुळ्याचं होस्टेल आणि आईला न ओळखणारी पोर, रमिलाच्या डोक्यात बसलं ते तिथे.

मंगळवारी ताई आली, पिंपातून निघालेली मशीन तिने उघडली आणि सेल तपासला. तोंड वाकडं केलं.

"तीन आठवडे झाले, रमिलाताई. दिवसभर घातली असती तर सेल कधीच संपला असता. हा भरलेलाच आहे."

"घालस ना मी. रोज घालस."

"मग संपत कसा नाही?"

"तुम्हीच सांगा. तुमन्ही मशीन शे."

ताईने वही मिटली. "आणखी एक आठवडा बघते. नाही घातली तर मशीन परत न्यावी लागेल, दुसरी पोरं रांगेत आहेत. आणि मशीनचं सोडा, पोरीचं वय निघून चाललंय. बोलणं शिकायचं वय हेच असतं. मग मागाहून कितीही डोकं फोडा."

आज मशीन न्यायला बघतेय, उद्या पोर नेईल, रमिलाच्या मनात आलं.

ताईने मशीन पुसून स्वतःच गायत्रीच्या कानात बसवली. पोर चुळबुळली, पण रडली नाही. मागून वाटी वाजवली तशी मान वळवून बघायला लागली.

रमिलाचे डोळे बारीक झाले. "तुम्ही काहीतरी बटन दाबतस. आम्हना हातमा दिधी की चावस."

आता ताईचं डोकं सटकलं. ऑफिसची मराठी गळून पडली. "मी काय जादूगारीन शे का वं? घाल तूच! मन्हा डोयासमोर घाल!"

रमिला मोरीत गेली. साबण लावून दोनदा हात धुतले. ताईने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, ते ती कधी विसरली नव्हती. साचा काढला आणि बोटांनी दाबून पुन्हा कानात बसवला. एक क्षण, दोन क्षण, आणि टाहो.

"देखं?" रमिला म्हणाली. पैज जिंकल्यासारखी.

ताईने मशीन काढली. साच्याला कुठे धार आहे का, बोट फिरवून बघितलं. धारबिर काही नव्हती. घामाने चिकटलेली बट मागे सारली, त्याच बोटाने डोळा पुसला आणि एकदम नाचायलाच लागली. "आई गं! आई आई आई!"

कौसाबाई खो खो हसली. "ताई, तुम्हले बी चावनी का?"

हसता हसता तीच थबकली. वीस वर्षं तीही पथारीवर बसली होती, दम्याने उठवलं तेव्हा उठली. तिने सुनेचा हात ओढला आणि बोटं नाकाशी धरली.

"वं रमिला. मिरची शे तुन्हा हातले."

"साबन लावं ना मी!"

"मिरची साबनले आयकस का?"

रमिला आपल्या बोटांकडे बघत राहिली. तिला काहीच जाणवत नव्हतं. हात कधीचे बधिर झाले होते, आणि आपल्याला झोंबत नाही म्हणजे हात स्वच्छ, एवढंच तिला ठाऊक. तोंड पुसायला गेलं की पोर मान फिरवायची. काजळ घालताना किंचाळायची. भरवायला गेलं की घास थुंकायची. तीन वर्षं. त्यावरून सासूशी किती भांडणं झाली, त्याला गणती नव्हती.

तिने हात पदराखाली घेतले. सासूकडे बघायचं टाळलं.

"माझंही चुकलं," ताई डोळ्यावर पाणी मारत म्हणाली. "हात धुवा म्हटलं, हात कशात असतात ते विचारलं नाही. आता सकाळी मशीन आजी बसवतील."

"मंग मी काय करू?"

"तुम्ही बोला. जवळ, समोर बसून, तुमचं तोंड तिला दिसलं पाहिजे. एक शब्द बोलायचा आणि थांबायचं. ती काढेल तो आवाज तुम्ही काढा, तुमचा ती काढेल. एकदा तुमची पाळी, एकदा तिची."

"इतलामा बोली ती?" रमिलाने विचारलं. संशय असा एका दिवसात थोडाच जातो?

शनिवारी दुपारी कौसाबाई भाकर घेऊन पथारीवर आली. कडेवर गायत्री, कानात मशीन. रमिला कडेच्या निंबाखाली पोरीसमोर उकिडवी बसली. हात पाठीमागे धरले.

"गायत्री."

पोरीने आईच्या डोळ्यांकडे बघितलं, मग तोंडावरच्या फडक्याकडे. तिथेच बघत राहिली.

रमिलाने हनुवटी खांद्याला घासून फडकं खाली सरकवलं. अकरा वर्षांत पथारीवर तिने तोंड कधी उघडं टाकलं नव्हतं. "गाय..." म्हणेपर्यंत ठसका लागला. खॉक, खॉक. डोळे भरून आले.

गायत्री तिच्या ओठांकडे टक लावून होती. "खॉक."

"पोरले बी ठसका लागना वं, घर लई जा तिले," कोणीतरी बाई ओरडली.

रमिलाने पोरीला निरखलं. डोळ्यांत पाणी नाही, नाक कोरडं. मग हा ठसका कसला? घशात काही नसताना रमिला मुद्दाम खोकली. एकदाच. आणि ताईने सांगितलं तशी थांबली. वारा फिरला होता, मिरचीची धूळ थेट तोंडावर येत होती. तिने तोंड झाकलं नाही.

"खॉक," गायत्री म्हणाली, आणि सगळे दात दाखवून हसली.

आता पाळी रमिलाची होती. हात तसेच पाठीमागे धरून ती पोरीकडे आणखी थोडी सरकली.