बारक्याचे निळे मोजे

फोनवर ताई एवढंच म्हणाल्या, "बारक्याची शेवटची अंघोळ. उद्या डॉक्टर त्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायला येतायत."

कुत्र्यांचे केस कापता कापता माझं टक्कल पडलं, पण असा फोन आला की मलासुद्धा चेष्टा सुचत नाही.

बारक्या म्हणजे चौदा वर्षांचं, तीस किलोचं कुत्र्याचं धूड. चकचकीत फरशीवर चार पाय चार दिशांना टाकून पडला होता. शेजारी ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ. दोघंही साठीच्या पुढचे, दोघांचेही डोळे सुजलेले.

"आठ दिवस झाले," भाऊ म्हणाले. "उठायला जातो नि धपकन आपटतो. मग आमच्याकडे बघतो. ते बघणं नको वाटतं हो."

"पाय गार पडतात म्हणून मी मोजेसुद्धा विणले," ताई म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात."

मी बारक्याच्या पायातल्या मोज्यांकडे बघितलं. लोकरीचे, निळे, वर गोंडे. मग फरशीकडे बघितलं.

"भाऊ, तुम्हीही मोजेच घातलेत की. जरा पळत या बघू माझ्याकडे."

"वेडा की काय तू?"

"या हो. कौतुक करीन."

चिडून भाऊ दोन पावलं आले आणि तिसऱ्याला घसरून थेट कपाटाला मिठी मारली. ताई खो खो हसल्या. मग त्यांची नजर बारक्याच्या मोज्यांवर गेली.

"अगंबाई! म्हणजे मीच त्याला...?"

"एकट्या तुम्ही नाही. नखं कुणी वाढवली?"

भाऊंनी मान खाली घातली. "एकदा कापताना रक्त आलं होतं. तेव्हापासून हात लावला नाही."

मोजे काढले. बोटांच्या मधले केस वाढून तळव्यांना गालिचाच झाला होता, नखं आत वळलेली. त्याला गोधडीवर कुशीला निजवलं, ताईंनी डोकं मांडीवर घेतलं. केस सफाचट केले. नखं मात्र तांदळाएवढा एकेक टवका काढत कापली. तो कण्हला की मी थांबायचो. तासभर गेला. मग न्हाणीघरातली, दारातली, असतील नसतील तेवढी रबरी पायपुसणी आणवली आणि बागेपर्यंत रांगेनं अंथरली.

"मी सांगेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

बारक्यानं पुढचे पाय रोवले. मागचे थरथरले. ताईंनी माझं मनगट असं आवळलं की कळ डोक्यात गेली. तो बसला. पुन्हा जोर केला. आणि उठला की हो! म्हाताऱ्या पैलवानासारखा डुलत बागेत गेला आणि माझ्या पिशवीवर निवांत मुतला.

"शाब्बास रे माझ्या राजा!" भाऊ ओरडले.

ताईंनी डॉक्टरांना फोन लावला, पण रडूच कोसळलं. भाऊंनी फोन हिसकावला.

"उद्या याच, डॉक्टर, पण गुडघे बघायला. दुखण्याचं औषध द्या. ते दुसरं... ते नको. अहो, चालतोय तो! नाही, मी प्यायलेलो नाही!"