एकशे सतरा नंबरची बाळंतीण

भट्टीतली लांब सळई हातात घेऊन हाज्जा तफीदा दारात उभी होती. भाकरी करपल्याचा वास गल्लीभर सुटला होता, पण तिला त्याची पर्वा नव्हती.

"पाऊल टाकून बघ, डॉक्टरीणबाई. तंगडं मोडून हातात देईन."

डॉक्टर इनास कैरोची. गेलं वर्षभर ती कफ्र सिद्रा गावात येऊन बायकांना विचारायची, अंगावरून जातं का, ओटीपोट दुखतं का. तिच्या संशोधनासाठी चारशे बायकांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे होते. ज्यांचे घेतले त्यांना नंबराचं कार्ड मिळालं. नवारा, तफीदाची धाकटी सून, एकशे सतरा.

नवारा बाळंत होऊन सहा दिवस झाले होते आणि तीन दिवस ती तापानं फणफणत होती. कारण गावानं कधीच ठरवून टाकलं होतं. परक्या बाईचं रक्त घेऊन कुणी बाळंतिणीच्या खोलीत शिरलं, की बाळंतीण धरली जाते, तिला बाधा होते. आणि इनास तिसऱ्या दिवशी मुबारक म्हणायला शिरली ती थेट खांद्यावरच्या थंड पेटीसकट. पेटीत बावीस बायकांचं रक्त!

"हाज्जा, ही खुळी समजूत आहे. ताप जंतूंमुळे येतो. मला तिला तपासू द्या."

"जंतू काय पायी चालत आले? तुझ्या पेटीत बसून आले!"

गल्लीतल्या बायका फिस्सकन हसल्या. "एवढी शिकली," शेजारची फिक्रिया म्हणाली, "पण बाळंतिणीकडे कसं जावं ते हिच्या आईनं शिकवलं नाही." कुणीतरी थुंकलं. ते इनासच्या बुटापाशी पडलं, आणि ते चुकून पडलं नव्हतं.

एरवी इनासच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. आज झोंबल्या नाहीत, कारण तिच्या खिशात सगळ्यांच्या निकालांचा कागद होता. सातव्या महिन्यात नमुना देताना नवारानं विचारलं होतं, "काही वाईट नाही ना?" इनास म्हणाली होती, "असलं तर सांगेन की." बाळंतपणाच्या दोन आठवडे आधी निकाल आला: एकशे सतरा, संसर्ग आहे, औषध लगेच द्यावं. पण चारशे पुरे होईपर्यंत कुणालाच काही सांगायचं नाही, असा नियम होता. नियम इनासनंच लिहिला होता. अकरा बायका उरल्या होत्या.

आतून नवारा कण्हली. इनासनं पेटी खाली ठेवली.

"हाज्जा, तिला मीच धरली," ती म्हणाली. "पेटीनं नाही. तिला रोग आहे हे मला वीस दिवस ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

तफीदाची सळई वर गेली आणि तशीच थांबली. धरणारीनं कबूल केलं, तर तिला उंबरठ्यावर बसवून बाळंतिणीला तिच्यावरून न्यायचं म्हणजे बाधा सुटते, हे सगळ्यांनाच माहीत होतं. कबूल करणारी मात्र आजवर कुणी पाहिली नव्हती.

"बस," तफीदा म्हणाली. "खाली. मातीत."

इनास बसली. दोघीतिघींनी नवाराला घोंगडीत उचलून इनासच्या डोक्यावरून बाहेर आणलं. इनासनं तिथंच नाडी पाहिली, इंजेक्शन टोचलं, जिल्ह्याच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली. नवाराचे ओठ फुटले होते.

"सांगेन म्हणाली होतीस," ती म्हणाली.

नवारा वाचली, पण ते कळायला अजून पाच दिवस जायचे होते. फिक्रियाच्या नवऱ्याची पिकअप आली, नवाराला मागे निजवलं, तफीदा बाळ घेऊन तिच्याशेजारी बसली. इनास चढायला गेली तसा तफीदानं फळीवरचा तिचा हात झिडकारला.

"तुझं काय काम तिथं? तू इथंच बस. आधी ह्या बायकांचं सांग."

गाडी गेली. इनास पुन्हा उंबरठ्यावर टेकली. बायका घरोघर गेल्या आणि परत आल्या त्या हातात कार्डं घेऊन. कुणी शिवी दिली नाही. तेच तिला फार लागलं.

सगळ्यांत पुढे फिक्रियाची मुलगी होती, आठव्या महिन्याची, कमरेवर हात टेकून उभी. तिनं कार्ड इनासच्या नाकासमोर धरलं. दोनशे नऊ.

"माझं काय आलं?"

कागद उघडायची गरज नव्हती. दोनशे नऊपुढेही तेच लिहिलंय, हे इनासला वीस दिवसांपासून पाठ होतं.