रोशनबीचे बारा परळ

"शुक्रवारपर्यंत," मीरासाब चाचा दारातच उभे राहून म्हणाले. "त्येच्या आत ही झाडं फेकून दे, रोशन. न्हायतर खोली मोकळी कर."

रोशनबी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडलेल्या मातीच्या पसरट परळांतल्या रोपांवर पाणी शिंपडत होती. रांजणात धरून ठेवलेलं पावसाचं पाणी. तिनं हातातली वाटी खाली ठेवली नाही. कुणी सांगितलं, एवढंच विचारलं.

"समदी गल्ली सांगतीया."

मीरासाब चाचा वाईट नव्हते. कल्हईचा धंदा आणि चार खोल्यांचं घर. त्यातली एक खोली त्यांनी रोशनबीचा नवरा गेल्यावर तिला राहायला दिली होती. पण तीन दिवस झाले, गल्लीतून एकही भांडं त्यांच्या भट्टीवर आलं नव्हतं. समोरच्या तानाबाईचं आठ महिन्यांचं पोर तापानं गेलं होतं, आणि त्याला माती देऊन माणसं परतली तोवर कुणीतरी बोलून गेलं होतं की रोशनबीच्या खिडकीत मांस खाणारी झाडं आहेत. पोर रोज ओट्यावर बसून त्याच खिडकीकडं बघायचं.

झाडं खरोखरच किडे खात होती. रोशनबीनं ते कधी लपवलं नव्हतं.

तिचा नवरा मौला छावणीकडच्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. प्लेगच्या साली तो गेला. सरकारी माणसं आली, रोशनबीला घराबाहेर काढलं, अंथरूण जाळलं, कौलं उतरवली. ती गावाबाहेरच्या झोपडीत निमूट जाऊन बसली. कुणाला एक शब्द बोलली नाही. पुढं साहेबाच्या मडमेनं तिला मौलाच्या जागी पाणी घालायला ठेवून घेतलं. मडमेच्या काचेच्या पेटीत समुद्रापलीकडून, मेक्सिको नावाच्या मुलखातून आणलेली रोपं होती. मातीला चिकटून बसलेली, कमळासारखी उमललेली जाड पानं, आणि पानांवर लोणी फासल्यासारखा चिकट ओलावा. त्यावर चिलट बसलं की उठायचं नाही. साहेबाची नोकरी संपून ती विलायतेला निघाली, तेव्हा तिनं दोन रोपं रोशनबीच्या हातात ठेवली. ह्या हवेत वर्षभरसुद्धा जगणार नाहीत, असंही सांगितलं.

ते रोशनबीला लागलं. तिनं वाळू चाळली, पडक्या भिंतीचा चुना कुटून त्यात मिसळला. थंडीत पानं मिटून गड्ड्यासारखी झाली की पाणी तोडायचं, हे ती एक रोप गमावून शिकली. उरलेल्याचं पान अलगद बुडापासून सोडवून ओल्या वाळूवर ठेवलं, तर त्याच्या बुडाशी नवं रोप धरतं, हे तिचं तिला उमगलं. आता संस्थानचे महाराज गादीवर येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, आणि तिच्या खिडकीत बारा परळ होते, आणि त्यांतल्या सातांना जांभळी फुलं होती. ती त्यांना लोणीपान म्हणायची.

गुरुवारी दुपारी तानाबाई आली. कधी नव्हे ते दार न वाजवता सरळ आत आली आणि खिडकीसमोर बसली.

"माझं पोर ह्यानं खाल्लं का?"

रोशनबीनं एक परळ उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "बोट लाव."

तानाबाईनं बोट लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. पानावर पापणीच्या केसाएवढं एक चिलट चिकटलेलं होतं. तिनं बोट उचललं तेव्हा एक बारीक तार ताणली आणि तुटली.

"एवढंच?"

"एवढंच. ते एक चिलट संपवायला त्याला आठ दिस लागत्यात."

"मग माझं पोर कशानं गेलं?"

"तापानं," रोशनबी म्हणाली. "माझा मौलाबी तापानंच गेला."

तानाबाई चुलीची वेळ होईपर्यंत तशीच बसून राहिली. घरी गेल्यावर तिनं सासूला सांगितलं की त्या झाडांचा काही दोष नाही. सासूनं, शालूबाईनं, तिला गप्प बसवलं. पोराच्या दुःखानं सुनेचं डोकं फिरलंय, असं तिनं संध्याकाळी चार घरी सांगितलं.

रात्रीच्या जेवणाआधी मीरासाब चाचा पुन्हा आले. आता त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनी तोड काढली होती. झाडं नदीवर नेऊन टाकल्यासारखं करायचं, दोन महिने कुणाकडं तरी ठेवायची, मग गुपचूप आणायची. गल्ली विसरून जाईल.

"न्हाय चाचा."

"अगं, झाडं हायती ती. त्येच्यापायी घर सोडतीस?"

"मी ती फेकली, म्हंजे पोर मी मारलं असं झालं," रोशनबी म्हणाली. "आज झाड फेका म्हणत्यात. उद्या माझ्याकडंच बोट दावतील. एकदा मला घरातनं काढलं तवा मी काय बोलले न्हाय. आता माझ्या पायानं जाते, पर झाडं घिऊन जाते."

रंकाळ्याच्या पलीकडं एका चुनाभट्टीवर तिनं सकाळीच काम आणि छप्पर बघून ठेवलं होतं.

अंधारात जा, असं चाचांनी सुचवलं. ती शुक्रवारी दुपारी निघाली. नमाज सुटून माणसं परतत होती, बायका ओट्यावर धान्य निवडत होत्या. बोचकं तिनं पाठीला बांधलं, बारा परळ मोठ्या पाटीत मांडले. कट्ट्यावरूनच पाटी दोन्ही हातांनी पोटाशी ओढून घेऊन ती गल्लीच्या मध्यापर्यंत आली. शालूबाईनं ओट्यावरून ओरडून सांगितलं की ते झाकून ने, आमच्या दारावरनं उघडं नेऊ नको.

रोशनबी थांबली. तिनं पाटी रस्त्यावर ठेवली, आणि पदर खोचून बाजूला उभी राहिली.

"ज्याला हे परळ फोडायचे त्यानं फोडा," ती म्हणाली. "मी हितंच हाय."

कुणी पुढं आलं नाही. मीरासाब चाचा विझलेल्या भट्टीजवळ मान खाली घालून बसले होते. एका बाईनं सूप उचललं आणि ती आत गेली. रोशनबी पुरेसा वेळ थांबली, मग चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि वाकली. पण बारा परळ, ओली वाळू आणि चुना. इतकी जड पाटी जमिनीवरून एकटीला डोक्यावर घेता येत नाही. समोरून दुसरा हात लागतो. तिनं एकदा उचलून पाहिली. गुडघ्यापर्यंत आली, पुढं येईना. गल्ली बघत राहिली.

तानाबाई ओट्यावरून उतरली. सासूनं नावानं हाक मारली, तिनं मागं पाहिलं नाही. येऊन तिनं पाटीची समोरची कड धरली. दोघी वाकल्या आणि एका दमात पाटी वर गेली. जांभळी फुलं थोडी हलली. रोशनबीनं मान ताठ केली, एका हातानं पाटी सावरली आणि ती रंकाळ्याच्या वाटेला लागली. चाल तिनं वाढवली नाही.

तानाबाई रस्त्यात उभी होती. वजन कधीच गेलं होतं, पण तिचे दोन्ही हात अजून तसेच वर होते.