नाण्यांची पाकिटं

बाबा गेल्यानंतर सहाव्या आठवड्यात ती बँकेतला लॉकर उघडायला निघाली, तेव्हा धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, नाणी सगळी असू देत म्हणजे झालं. नाहीतर एवढं रामायण केलंस कशाला?"

बोलण्याची त्याची तऱ्हाच तशी. मनात काही नसायचं. पण तिला ते लागलं. बाबांच्या मनाविरुद्ध नाणी लॉकरमध्ये तिनेच नेली होती. नाणी सुखरूप निघाली, तर निदान तेवढं तरी आपण बरोबर केलं, असं स्वतःला सांगता येणार होतं. सहा आठवडे ती त्याच आधारावर वावरत होती.

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकान जेमतेम दीड माणसाचं. दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्याने श्वास आत घ्यायचा. चाळीस वर्षांत जमवलेली त्र्याऐंशी जुनी नाणी ते तिथेच ठेवत, आणि तीही 'गंजके स्क्रू' अशी चिठ्ठी डकवलेल्या खणात. प्रत्येक नाण्याला वहीच्या कागदाचं पाकीट. गुरुवारी दुपारी धंदा मंद असला की खण बाहेर यायचा. एकेक नाणं तळहातावर घ्यायचं, उलटसुलट बघायचं, बारीक काट्यावर ठेवायचं आणि परत पाकिटात सरकवायचं.

"दर आठवड्याला काय बघता? वजन वाढतंय की काय त्यांचं?" आई विचारायची.

"तू नाही का रोज आरशात बघत?"

मग तीन वर्षांपूर्वी एका रात्री शेजारच्या चष्मेवाल्याचं शटर फोडलं गेलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून थेट दुकानात आली.

"बाबा, हे सगळं उद्याच्या उद्या लॉकरमध्ये."

"अगं, चोर काय रजा टाकून येणार आहे स्क्रू चाळायला?"

"चष्मेवाल्यालाही असंच वाटलं होतं."

"त्याचा माल काचेत मांडलेला असतो, बाई. माझा कुणाला दिसतोय?"

धाकटा खो खो हसला. ती हसली नाही. ती शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होती. तिने कव्हर घातलेलं पुस्तक वीस वर्षं पोरांच्या हाताखाली टिकायचं. त्याच सवयीने तिने नाणी कळकट कागदांतून काढली आणि ग्रंथालयाची कार्डं ठेवतात त्या मऊ, पारदर्शक प्लास्टिकच्या खिशांत एकेक करून भरली.

"प्लास्टिकात नको गं, घाम धरतात," बाबा म्हणाले. "कागदात बरी राहतात ती."

"कागदाला कसर लागते, बाबा."

कागदी पाकिटं तिने केराच्या टोपलीत टाकली. लॉकर दोघांच्या नावावर घेतला, किल्ली मात्र स्वतःकडे ठेवली. जो माणूस कपाळावरचा चष्मा घरभर शोधतो, त्याच्याकडे किल्ली कशी द्यायची?

नंतर दोन-तीनदा त्यांनी विचारलं, एकदा जाऊन बघून येऊ या का. कधी तिच्या शाळेत परीक्षा होत्या, कधी पुस्तकांची मोजदाद. शेवटी ती वैतागली. "परत त्या नाण्यांवरून सुरू करू नका, बाबा. कडीकुलपात आहेत, अजून काय हवंय?" त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. पटलं असेल, असं समजून ती कामाला लागली.

आता लॉकरवाल्या बाईंनी आपली किल्ली फिरवली, मग तिने तिची. डबा टेबलावर ठेवून तिने वरचा खिसा उचलला, तर तो बोटांना चिकटला. आतल्या नाण्यावर हिरवट, बुळबुळीत थर चढला होता. दुसऱ्यावरही. रुमालाने पुसून पाहिलं, तर खालची अक्षरं खाल्ल्यासारखी झाली होती आणि चेहऱ्याचा नुसता उंचवटा उरला होता. तिने शेवटपर्यंत सगळे खिसे पाहिले. त्र्याऐंशी होते. एकही नाणं चोरीला गेलेलं नव्हतं, आणि एकही धड राहिलं नव्हतं.

"तुम्ही काटेवाल्या काकांची मुलगी ना?" दारातून बाईंनी विचारलं आणि आपल्या खणातून दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा आणला. "हे तुमच्यासाठी ठेवून गेलेत. वर्ष होत आलं."

"बाबा इथे आले होते?"

"यायचे की, गुरुवारी दुपारी. पहिल्यांदा मी किल्ली मागितली, तर म्हणाले, मुलीकडे आहे. म्हटलं, मग तिला घेऊन या. तर म्हणाले, तिला कामं असतात. त्या बाकावर बसायचे जरा वेळ आणि जायचे."

"किती वेळा?"

"ते काही मोजलं नाही हो मी. मग एकदा हे दिलं. म्हणाले, मुलगी आली की सांगा, प्लास्टिकातून काढून यात भर. मी म्हटलं, फोन करू का तिला? तर म्हणाले, नको, ओरडेल." बाई हसल्या. "बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत. बरे आहेत ना?"

तिने सांगितलं. बाईंनी दार लोटून घेऊन तिला हवा तेवढा वेळ आत बसू दिलं.

गठ्ठ्यात नव्या कागदाची त्र्याऐंशी पाकिटं होती. प्रत्येकावर बाबांचं अक्षर. नाणी समोर नसताना आठवून आठवून लिहिलेलं: 'दाढीवाला राजा, उजवीकडे चीर, नऊ ग्रॅम दोन.' 'जहाज, शिडाला भोक, साडेचार.' किंमत कुठेच नव्हती.

तिने राजा शोधला. दाढी कुणालाच उरली नव्हती. उरलं होतं ते फक्त वजन.

तासाभराने धाकट्याने दुकानाचं शटर वर केलं. तिने डबा काट्याशेजारी ठेवून उघडला.

"मी खराब केली," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आणि ते बँकेत जाऊन बसायचे, आत जाता यायचं नाही म्हणून बाहेर."

धाकट्याने डब्यातलं एक नाणं उचलून उजेडात धरलं. मग त्याने बाबांचं स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि काट्यावरची धूळ फुंकली. तो एकेक नाणं ठेवी, ती पाकीट शोधी.

"नऊ ग्रॅम तीन."

"नऊ दोन आहे इथे."

"तोच तो. मळाचं वजन."

अंधारायच्या सुमाराला दोन पाकिटं उरली. 'राणी, नाकाजवळ खळगा, सहा ग्रॅम.' 'राणी, एकदम कोरी, सहा ग्रॅम.' दोन्ही नाणी काट्यावर सारखीच भरली. दिव्याखाली धरली, नखाने चाचपली. खळगा आता दोन्हींवर होता.

"घाल कुठलंही कशातही," धाकटा हलकेच म्हणाला. "कोण बघणार आहे?"

"बाबांनी बघताक्षणी सांगितलं असतं," ती म्हणाली, आणि दोन्ही नाणी तळहातावर घेऊन तशीच बसून राहिली.